ईयोबाचे शेवटचे पान

मी एक जुना ग्रंथ आहे, मित्रांनो. वर्ध्याजवळच्या सिंदी रेल्वे या गावी मालधक्क्याच्या मागे तीन क्वार्टर्स आहेत. त्यांतल्या मधल्या घरात, लाकडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात मी राहतो. लोक मला पवित्र शास्त्र म्हणतात. पवित्र म्हणताना हात जोडतात, आणि त्याच हातांनी माझे काय काय करतात ते मी भोगले आहे. म्हणून माझी हकिकत तुम्हाला गोड लागणार नाही. माणसांच्या वाचनाची मला शिसारी आली होती. ती अजून पुरती गेलेली नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी देव नाही. मी कागद, शाई, दोरा आणि पुठ्ठा आहे. १९७१ साली दूरच्या एका छापखान्यात मोठमोठ्या कागदांवर मला छापले, घड्या घालून माझे फर्मे, म्हणजे पानांचे गठ्ठे, केले, आणि ते एकामागे एक लावून जाड दोऱ्याने शिवले. बाहेरून मी एक दिसतो, पण माझ्या पोटात सहासष्ट पुस्तके आहेत. जुन्या करारात एकोणचाळीस, नव्यात सत्तावीस. त्यांत कायदे आहेत, राजांच्या लढाया आहेत, गाणी आहेत, रडणे आहे, कोणी कोणाला लिहिलेली पत्रे आहेत. ती एका माणसाने लिहिलेली नाहीत आणि एका शतकातलीही नाहीत. काही ठिकाणी ती एकमेकांशी वादही घालतात. एक बोलतो, दुसरा त्याला अडवतो, तिसरा फार पुढे येऊन उत्तर देतो. म्हणून तर त्यांना एका दोऱ्यात शिवायचे! सुट्या ओळी विकायच्या असत्या तर छापखान्याने मला शिवलेच नसते.

१९७२ साली एका बापाने आपल्या मुलीच्या लग्नात मला भेट दिले. तिचे नाव शकुंतला. ती सिंदीच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. नवरा कृष्णकांत रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. दोघेही ख्रिस्ती घरांतली, साधी, कामसू माणसे. शकुंतलाने लहानपणी माझ्यातल्या सहासष्ट पुस्तकांची नावे चालीवर पाठ केली होती. कणीक तिंबताना ती तीच चाल गुणगुणे. पण खरे सांगायचे तर नावे पाठ असली तरी आतली पाने तिने फार वाचली नव्हती. कृष्णकांत रविवारी चार ओळी वाचून मला मिटून ठेवी. तेव्हा मला त्याचे वाईट वाटत नसे. पुढच्या वर्षी त्यांना शरयू नावाची मुलगी झाली. घर भरून गेले.

१९७६ च्या श्रावणात शरयूला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. शकुंतला त्या सकाळी बैलगाडीने पलीकडच्या खेड्यात एका बाईच्या बाळंतपणाला गेली होती. नाल्याला पूर आला आणि तिची गाडी अडकली. कृष्णकांतने मुलीला दवाखान्यात नेले, डॉक्टरांनी जे करायचे ते केले. दुसऱ्या दिवशी दुपारी शकुंतला चिखलाने भरलेल्या पायांनी घरात शिरली तेव्हा शरयू गेली होती. तीन वर्षांची होती.

चौथ्या दिवशी रूपराव आला.

हा रूपराव फिरता प्रचारक होता. कोणत्याही चर्चच्या मंडळीने त्याला नेमले नव्हते. पांढरा सदरा घालून तो आपणच घरोघरी जाई, आपणच अर्थ सांगे. त्याने मला कपाटातून काढले. तोंडातली तंबाखू गालात सरकवली, अंगठा जिभेला लावला आणि त्या पिवळ्या थुंकीने माझी पाने उलटू लागला. एका पानावर थांबला, खिशातून लाल पेन्सिल काढली आणि दोन ओळींखाली जोरात रेघ ओढली. मागच्या पानावर वळ उठला.

"बाई, शास्त्र खोटं बोलत नाही," तो म्हणाला. "निष्पाप माणसाच्या घरावर असा घात येत नाही, असं इथं स्पष्ट लिहिलं आहे. मग तुमच्या घरावर का आला?"

"म्या काय केलं?" शकुंतलाने विचारले.

"ते मी कसं सांगू? तुलाच ठाऊक असेल. आठव."

मित्रांनो, तो शब्द माझ्या पानांवर हात ठेवून बोलला गेला याची मला आजही किळस येते. चार दिवसांपूर्वी जिचे मूल मातीत ठेवले, तिला तो पाप आठवायला सांगत होता! मी ओरडून सांगितले असते की अरे, पान उलट, पुढे वाच, हे कोण बोलतो आहे ते तरी बघ. पण आम्हा ग्रंथांना तोंड नसते. आम्हाला वाचणाऱ्याचेच तोंड मिळते, आणि त्या दिवशी मला रूपरावचे मिळाले.

कृष्णकांत भिंतीला टेकून बसला होता. तो हळूच म्हणाला, "त्या दिवशी तू घरी असती तर..." वाक्य त्याने तिथेच सोडले. पुरे कशाला करायचे? त्या दिवसापासून तो वेगळा जेवायला बसू लागला. रागावला नाही, मारले नाही, फक्त कामापुरतेच बोलू लागला.

या घरातले शास्त्र शुद्ध करून देतो असे सांगून रूपराव मला बरोबर घेऊन गेला. चाळीस दिवसांचा वायदा होता. मी त्याच्याकडे चार वर्षे राहिलो.

त्याचे स्वतःचे शास्त्र होते. ते तो रेशमी फडक्यात गुंडाळून ठेवी. कापायला त्याने माझे अंग वापरले. ज्या ब्लेडने दाढी करी त्याच ब्लेडने तो माझ्यातल्या ओळी कापी, त्यांची सुरळी करून पत्र्याच्या नळीत भरी आणि काळ्या दोऱ्याचे ताईत बनवी. तापाला वेगळी ओळ, परीक्षेला वेगळी, कोर्टाच्या तारखेला वेगळी. स्तोत्रांमधली हिरव्या कुरणाची ओळ त्याने एका म्हशीच्या गळ्यात बांधली, दूध वाढावे म्हणून. हसू नका. त्या ओळीच्या मागच्या बाजूला दुसरे स्तोत्र छापलेले होते. देवा, तू मला का सोडलेस असे विचारणारे. तीच हाक कितीतरी पानांनंतर, नव्या करारात, क्रूसावरच्या माणसाच्या तोंडून पुन्हा ऐकू येते. दोन करारांना जोडणारा तो एक टाका होता. तो गेला गोठ्यात.

उरलेल्या भागाची दशा सांगायलाही लाज वाटते. एकदा त्याची खळीची वाटी माझ्यावर लवंडली आणि कित्येक पाने एकमेकांना चिकटली. ती आंबट खळ खायला झुरळे आली, मग उंदीर आले. मला वास येऊ लागला. त्या वासाच्या पुस्तकावर हात ठेवून तो लोकांना सांगे की हे जिवंत वचन आहे.

१९८० च्या हिवाळ्यात शकुंतलाला पुन्हा दिवस गेले आहेत ही बातमी रूपरावला लागली. त्याने माझी सुटी पाने सुतळीने बांधली आणि मला तिच्या पुढ्यात आणून टाकले.

"पोटातलं वाचवायचं असेल तर रविवारी सगळ्यांसमोर या शास्त्रावर हात ठेव आणि आपलं पाप कबूल कर," तो म्हणाला. "तोवर हे बांधून घे. असं फाटकं चारचौघांत बरं दिसत नाही."

शकुंतलाने होकारार्थी मान हलवली. चार वर्षांत ती वाळून गेली होती. कोणते पाप कबूल करायचे हे तिला अजून ठरवता आले नव्हते, म्हणून ती कोणतेही कबूल करायला तयार झाली होती. तिने मला उशीच्या अभ्र्यात भरले आणि बाजारातल्या तानबाकडे नेले.

तानबा हा सिंदीतला बाइंडर. शेतकरी घरातला, पण दम्यामुळे शेती झेपत नसे, म्हणून शाळेची हजेरीपुस्तके, कापसाच्या जिनिंगची रजिस्टरे आणि लोकांच्या पोथ्या बांधून देई. त्याने अभ्रा चटईवर रिकामा केला आणि नाकाला उपरणे लावले.

"नर्सबाई, हे पुस्तक हाय का चिंध्या? कोनं कापलं?"

"एका मानसानं. ताईत कराले."

तानबाने एक पान उजेडाला धरले. त्यातल्या चौकोनी भोकातून त्याला रस्ता दिसला. "पुस्तकाले ब्लेड लावनाऱ्याचं तोंड पाहू नाई," तो म्हणाला आणि थुंकायला बाहेर जाऊन आला. मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्यासाठी कोणाला तरी किळस आली होती. मला बरे वाटले.

"मले क्रम सांगा," तो म्हणाला. "तुमचं हे शास्त्र म्या कधी बांधलं नाई. याच्यात कोन कोनाच्या मागं येते?"

शकुंतला हलक्या आवाजात ती जुनी चाल म्हणू लागली. उत्पत्ती, निर्गम, लेवीय... तानबा एकेक फर्मा उचलून ढिगात लावत गेला. सुरुवातीचे आणि नियमशास्त्राचे पाच. मग राजांचा इतिहास. मग काव्य. मग संदेष्टे, राजांना तोंडावर चुका सांगणारे. इथे जुना करार संपला. नव्याची पहिली चार पुस्तके लावताना तो थांबला.

"हे चार जन एकच गोष्ट काऊन सांगून राह्यले?"

"येशूची गोष्ट चौघांनी सांगतली. ज्यानं त्यानं आपल्या परीनं."

"बरोबर हाय. बाजारात भांडन झालं त चार साक्षीदार चार परीनं सांगते. चौघांचं शब्दाले शब्द सारखं निघालं तर समजा पढवून आनले." तो पुढची पाने चाळू लागला. "आन् हे?"

"हे पत्रं. गावोगावच्या मंडळीले लिहिलेले."

"म्हंजे दुसऱ्याच्या नावाचं पत्र आपन वाचून राह्यलो. मंग आधी पाहाव लागन ना, कोनाले लिहिलं, काऊन लिहिलं."

इतक्या सोप्या गोष्टी! चार वर्षे मी प्रचारकाच्या घरात होतो. तिथे यांतली एकही कोणी विचारली नव्हती.

काव्याच्या ढिगात ईयोब नावाच्या दुःखी माणसाच्या पुस्तकाचा फर्मा खळीने घट्ट चिकटलेला निघाला. त्याचे शेवटचे पान स्तोत्रांच्या पहिल्या पानाला जाऊन बसले होते. तानबाने त्यावर ओले फडके ठेवले आणि ते नरम होईपर्यंत आधीची पाने क्रमाने लागतात का ते वाचून पाहू लागला. वाचता वाचता लाल रेघेवर आला.

"हे रेघ कोनं मारली?"

शकुंतलाने मान फिरवली. मग तिने सगळे सांगितले. शरयूचे, पुराचे, रूपरावच्या 'आठव'चे, येत्या रविवारचे. ती थांबल्यावर तानबाने बोट ओळींवरून वर वर नेले.

"बाई, इथं वरतं त लिहिलं हाय, अलीफज बोलला. हा अलीफज कोन?"

"ईयोबाचा दोस्त. ईयोबाचे लेकरं मेले, तवा तिघं दोस्त त्याले भेटाले आलते."

"मंग हे लाल रेघेचं बोलनं देवाचं नाई? दोस्ताचं हाय?"

शकुंतलाने लाल रेघेवर बोट ठेवले. तिला गोष्ट ठाऊक होती, पण बोलणे कोणाचे आहे हे तिने कधी पाहिले नव्हते. तानबाने बांबूची पातळ पट्टी चिकटलेल्या पानांमध्ये घातली आणि श्वास रोखून सरकवली. पाने सुटली. ईयोबाचे शेवटचे पान किंचित फाटले, पण अक्षरे शाबूत होती. त्याने ते अडखळत वाचले आणि मांडीवर थाप मारली.

"पाहा! इथं देव त्या अलीफजवरच कोपला. म्हन्ते, तू आन् तुह्ये दोन दोस्त माह्याबद्दल नीट बोलले नाई. ईयोब बोलला तेच नीट."

आणि ईयोब तर पुस्तकभर हेच सांगत होता की मी काही पाप केलेले नाही. शकुंतलाने पान तानबाच्या हातून घेतले. तीनदा वाचले. मग काहीतरी आठवल्यासारखी ती नव्या कराराच्या ढिगाकडे वळली आणि योहानाच्या पुस्तकातले एक पान शोधून काढले. तिथे एका जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्य येशूला विचारतात, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापाने? आणि येशू सांगतो, यानेही नाही, त्यांनीही नाही.

त्या दोन पानांच्या मध्ये माझी शेकडो पाने आहेत. प्रश्न एकच. इतकी वर्षे ती दोन्ही पाने माझ्या पोटात होती, पण मला ती शेजारी आणता येत नव्हती. त्या दुपारी एका बाइंडरच्या चटईवर ती एका बाईच्या दोन हातांत आली.

"चार वर्षं, तानबाजी," ती म्हणाली. "चार वर्षं मी आठवत बसली."

रविवारी मंडळीतल्या कौशल्याबाई नावाच्या म्हातारीच्या अंगणात दहा-बारा घरांची माणसे जमली. तानबाने मला नवा पुठ्ठा आणि निळे कापड चढवले होते. भोकांना पातळ कागद लावला होता. रूपरावने मला स्टुलावर ठेवले.

"हात ठेव, बाई."

शकुंतलाने हात ठेवला नाही. तिने मला उचलले आणि उघडले. "तुमी रेघ मारली ते कोन बोललं, सांगा."

"शास्त्र बोललं."

"शास्त्रात त सैतानबी बोलते. हे अलीफज बोलला. देव त्याच्यावर कोपला. थांबा, शेवटचं पान वाचते."

ती वाचू लागताच रूपराव उठला. "बायकांनी मंडळीत गप्प राहावं, असं पत्रात लिहिलं आहे!"

"कोनत्या गावच्या पत्रात? तिथं काय झालतं म्हून लिहिलं?"

रूपराव तिच्या पोटाकडे बोट दाखवून म्हणाला, "याचं काय होतं ते पाहालच सगळे," आणि चालता झाला. निम्मी माणसे त्याच्या मागे गेली. उरलेल्यांपैकी एका बाईने गळ्यातला ताईत काढून पदराच्या टोकाला बांधला. टाकून द्यायची हिंमत तिला झाली नाही. कृष्णकांत चटईकडे बघत बसला होता. तो बायकोच्या बाजूने एक शब्द बोलला नाही. त्याचीही मला किळस आली, लपवत नाही.

१९८१ च्या उन्हाळ्यात वर्ध्याच्या दवाखान्यात शकुंतलाला मुलगा झाला. गुटगुटीत, ठणठणीत. कौशल्याबाई बाळ पाहायला आल्या आणि म्हणाल्या, "पाह्य बाई, तू खरं बोलली म्हून देवानं फळ देल्लं."

माझी पाने पुन्हा आंबट झाली. तेच! रूपरावचेच गणित, फक्त उलट्या बाजूने मांडलेले!

शकुंतलाने बाळाला खांद्यावर घेतले. "मावशी, मंग शरयूच्या वक्ती मी काय खोटं बोललती?"

कौशल्याबाईंनी तोंडाला पदर लावला.

शकुंतलाचा तो प्रश्न कृष्णकांतनेही ऐकला होता. त्या वर्षीच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी त्याने ड्युटीवरून आल्यावर मला खाली काढले. पहिल्या पानापासून मोठ्याने वाचू लागला. रोज एक पान, कधी दोन. शकुंतला स्वयंपाक करता करता ऐके. कोण बोलते, कोणाला बोलते, हे ती मध्येच विचारी, आणि उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ देत नसे. गणना आणि इतिहास या पुस्तकांतल्या नावांच्या याद्यांनी दोघेही कंटाळली. एकदा तर महिनाभर मी मिटलेलाच होतो. पण पुन्हा काढले. असे करत ती १९८४ च्या मार्चमध्ये ईयोबापाशी पोचली. ईयोब रडला, मित्र बोलले, बोलतच राहिले. कृष्णकांत रोज वाचत होता आणि रोज त्याचा आवाज बारीक होत होता.

शेवटच्या पानावर, देव मित्रांवर कोपतो त्या जागी, तो थांबला.

"शकुंतला," तो म्हणाला, "त्या दोस्तांत मीबी होतो."

तव्यावरची भाकर करपायला आली होती. तिने ती उलटली. मग त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "होते. तुमीबी होते."

त्याने मला मिटायला घेतले.

"पुढं वाचा," ती म्हणाली.

त्याने वाचले. पुढे लिहिले आहे की ईयोबाने आपल्या त्या मित्रांसाठी प्रार्थना केली. वाचून झाल्यावर शकुंतलाने दोन ताटे घेतली आणि शेजारी शेजारी मांडली.

आता १९८६ साल आहे. माझ्या अंगाला अजून थोडा वास येतो. रूपराव आता आर्वीकडे फिरतो असे ऐकतो. त्याच्या हातात दुसऱ्या कोणाचा तरी ग्रंथ असेल.

मित्रांनो, मला रेशमात गुंडाळू नका, डोळ्यांना लावू नका. मला क्रमाने वाचा. बोलणारा कोण ते विचारा, पान संपेपर्यंत थांबा, आणि एका पुस्तकाचा प्रश्न दुसऱ्यात सापडतो का ते पाहा. तेवढा वेळ नसेल तर माझी एकही ओळ उचलून रडणाऱ्या माणसाच्या दारात जाऊ नका. ईयोबाचे ते मित्र तोंड उघडण्यापूर्वी सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले होते. त्यांच्या हातून झालेले तेवढेच चांगले काम आहे. निदान तेवढे करा.